आत्याच्या घड्याळातले सहा

३ मार्च, मंगळवार

आज आत्याला फोन नेहमीपेक्षा लवकर केला. एरवी जेवून, भांडी आवरून मग करते. आज ऑफिसातून निघताना वाटलं की आपण रोज ठरलेल्या वेळी फोन करतो म्हणजे फोन उरकतोच, म्हणून रस्त्यातच लावला. माझ्याकडे साडेसहा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे साडेपाच. दोन गावांच्या घड्याळांत एका तासाचं अंतर आहे. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते अजून मनात घोकते, तिचं मागे, माझं पुढे.

तिने फोन उचलला तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, "बाई, मग हे खालच्याने भागायचं का?" आणि लगेच आत्याने फोनवर हात ठेवल्यासारखा सगळा आवाज बुडाला.

"कोण आहे गं?"

"माझी मदतनीस."

"आत्ता? ती सहाला येते ना?"

"आली जरा लवकर."

"आज लवकर, की रोज?"

आत्याला खोटं बोलता येत नाही. ती फक्त गप्प होते आणि समोरच्याने विषय बदलावा म्हणून थांबते. मी बदलला नाही. शेवटी म्हणाली, "तिच्या फोनमध्येच पाच दाखवतं. त्यात तिचा काय दोष?"

"आणि मग तासभर करते काय? टीव्ही बघते?"

"माझा टीव्ही कधीचा बंद आहे. तू पोलिसात कधी लागलीस गं?"

मी ओशाळले, पण शंका गेली नाही. आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ही मदतनीस तिच्याकडे येते. पायाची पट्टी, औषधं, रात्रीचं जेवण गरम करून देणं, एवढंच काम. ज्या संस्थेकडून ती येते ती संस्था कामांच्या वेळा ठरवायला आमच्याच कंपनीची प्रणाली वापरते. म्हणूनच मी ती निवडली होती. काही बिनसलं तर निदान आपल्याला आत डोकावता येईल, असं वाटलं होतं.

ठेवता ठेवता आत्याने विचारलं, "तुला मी अपूर्णांक कशावर शिकवले होते? ते पुठ्ठ्याचे गोल कुठे आहेत?"

मी म्हटलं, कपाटाच्या वरच्या खणात, पण तुला कशाला?

"सहज."

सहज कुणी अपूर्णांक विचारत नाही. म्हातारी माणसं जवळचं विसरतात आणि लांबचं धरून बसतात असं मी वाचलं आहे. तिच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

४ मार्च, बुधवार

आत्याचं खरं निघालं. मदतनिसाच्या फोनमध्ये पाचच दाखवतं.

आणि चूक आमची आहे. नुसती आमची नाही, माझ्या हातून तिथे पोचलेली. आत्याची नोंदणी मीच केली होती, इथे माझ्या टेबलावर बसून. "संध्याकाळी सहा" असं लिहिलं. आमच्या प्रणालीने सहा हा आकडा ठेवला, पण कुठल्या गावचे सहा ते ठेवलंच नाही. मदतनिसांच्या फोनमधला भाग असं धरून चालतो की नोंदणी जिथून झाली तिथले सहा. माझ्याकडे सहा वाजतात तेव्हा आत्याकडे पाच, म्हणून फोनमध्ये पाच. संस्थेच्या कार्यालयातला फलक धरून चालतो की काम जिथे आहे तिथले सहा. दोघंही आपापल्या जागी ठाम. आणि "काम सुरू" हे बटण फलकाच्या हिशोबाने उघडतं. म्हणजे ती बाई पाचला पोचते आणि बटण उघडेपर्यंत तासभर बसून राहते. गेलं वर्षभर.

मी तिला कामचुकार समजले होते.

लहानपणी माझा दमा इतका होता की दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नाही. आत्या रुग्णालयाच्या औषध विभागात होती. औषधं मोजून द्यायची. तिथून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवायची. गणिताचं उत्तर नुसतं "पाच" लिहिलं की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर टकटक करायची. "पाच काय? थेंब, चमचे, की बादल्या? नुसत्या आकड्याने माणूस मरतो." मी सात वर्षांची होते. मला बरेच दिवस खरंच वाटायचं की माझ्या वहीतल्या पाचामुळे कुठेतरी कुणीतरी मेलं असणार.

आणि आता मीच नुसते सहा लिहून ठेवले.

६ मार्च, शुक्रवार

थोरल्यांना सांगितलं. आमच्या कंपनीचे मालक चाळिशीचेच आहेत, पण टक्कल आणि सबुरी दोन्ही लवकर आल्यामुळे सगळे त्यांना थोरले म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही."

"मग हे कळलं कसं?"

मी आत्याचं सांगितलं. शेजारच्या टेबलावरून शंकासुर म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे तक्रार निवारण विभाग आत्याबाई चालवतात." त्याचं काम आमच्या कामातल्या चुका शोधणं. हे नाव त्याला कुणी दिलं माहीत नाही, पण आता तो स्वतःच पत्रांखाली लिहितो.

थोरले म्हणाले, दुसऱ्या घड्याळाच्या गावाहून नातेवाइकांनी नोंदवलेली माणसं असतील मूठभर, पण चूक ती चूक, काढून टाक. काम माझ्याकडे आलं. माझ्याकडेच यावं असं मनातून वाटत होतं. तेवढंच आत्याचं काही देणं फिटेल.

९ मार्च, सोमवार

दिसायला सोपं, करायला नाही. प्रत्येक वेळेबरोबर तिच्या गावाचं नाव ठेवायचं आणि दाखवताना बघणाऱ्याचं गाव न बघता कामाचं गाव बघायचं, एवढंच. मी खुशीत दुपारपर्यंत सगळं बसवलं आणि शंकासुराकडे दिलं.

तासाभरात तो खुर्ची सरकवत आला. "अभिनंदन. तू एका माणसाचा वाढदिवस आदल्या दिवशी केलास."

ज्या कामांना नुसती तारीख असते, वेळ नसते, त्यांना मी हौसेने मध्यरात्रीची वेळ चिकटवली होती. गाव बदललं की मध्यरात्र एक तास मागे जाते आणि तारीखच उलटते. मला वाटलं होतं प्रत्येक गोष्टीला वेळ लावली म्हणजे ती नेमकी झाली. शंकासुर म्हणाला, "काही गोष्टींना वेळ नसते गं. त्यांना नुसता दिवस असतो. त्यांच्या मागे लागू नकोस."

तिथे नुसता दिवसच ठेवला, वेळ काढून टाकली. पुन्हा तपासलं. पुन्हा तपासलं. घरी येऊन वाटलं की एक जागा राहिली. राहिली नव्हती.

११ मार्च, बुधवार

आज आत्याने स्वतः फोन केला, तोही ऑफिसच्या वेळेत. ती कधी करत नाही. मी घाबरून जिन्यात जाऊन उचलला.

"काही झालं नाही," आधी हेच म्हणाली. मग, "ते तू करते आहेस ना, वेळेचं. कधी होणार?"

"होईल शनिवारपर्यंत."

"एवढ्यात?"

"अगं, लवकरच व्हायला हवं. ती बाई रोज तुझ्याकडे ताटकळते."

"ताटकळत नाही गं काही." आणि हळूच म्हणाली, "नाही केलं तर नाही का चालणार? एप्रिल संपेपर्यंत?"

मला हसू आलं. तिला वाटतंय की माझ्यावर कामाचा ताण पडतो. मी म्हटलं, "आत्या, चूक दिसल्यावर ती तशीच ठेवायची नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मीच," ती म्हणाली. "मीच शिकवलं."

मग एकदम, "दशांश चिन्ह सरकवायचं तुला नीट समजेपर्यंत किती दिवस लागले होते?"

मी म्हटलं, मला कसं आठवेल? तिने "बरं, बरं" म्हणून ठेवून दिला. मी जिन्यातच बसून राहिले. डॉक्टरांना मी सोमवारीच विचारलं होतं. ते म्हणाले, तुमच्या आत्यांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे. डॉक्टर तरी किती वेळ बघतात?

१४ मार्च, शनिवार

बदल सगळीकडे पोचला. थोरल्यांनी सगळ्यांसाठी केक मागवला. आत्याच्या कामापुढे मदतनिसांच्या फोनमध्ये आता सहा दिसतात. मी स्वतः पाहिलं, तीनदा.

१६ मार्च, सोमवार

आज अहवाल लिहिला. आमच्या चुकीमुळे काय झालं ते संस्थेला कळवायला हवं, नाहीतर ती चूक फक्त आमच्यापुरती मिटते. मदतनीस फोनमध्ये कामाची यादी उघडतात तेव्हा त्या कुठे आहेत याची नोंद होते. त्या नोंदी काढून मी दाखवून दिलं की आत्याची मदतनीस रोज सुमारे पाचला घरी पोचत होती आणि सहापर्यंत तिथेच होती. तिने एकदाही तक्रार केली नाही, हेही लिहिलं. रविवारी तिची सुटी असते, तरी काही रविवारी तिचा फोन आत्याच्या घरी दिसतो. बिचारी आमच्या गोंधळामुळे सुटीच्या दिवशीसुद्धा येऊन गेली असणार. तेही लिहिलं. शेवटी लिहिलं की या बाईंचा वेळ गेला त्याबद्दल त्यांची क्षमा मागावी.

शंकासुराने वाचलं. "रविवार काढ."

"का? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच म्हणतो. आपल्या चुकीने सहाचे पाच झाले. सोमवारचा रविवार झाला नाही."

मी म्हटलं, मग तो का झाला ते संस्था शोधेल, आपण लपवायचं कशाला? तो म्हणाला, "तुझ्याशी कोण वाद घालणार. तू गंगेत धुतलेली." थोरल्यांनीही विचारलं, एवढं सविस्तर हवंच का. मी म्हटलं, अर्धं सांगणं म्हणजे निवडून सांगणं. त्यांनी सही केली.

एक गोष्ट मनाला समाधान देते. त्या बाईबद्दल आतापर्यंत कुणी एक चांगला शब्द लिहिला नसेल. मी लिहिला.

१७ मार्च, मंगळवार

आत्याला मुद्दाम तिच्या साडेपाचला फोन केला. घरात शांत होतं.

"आली नाही ना अजून?"

"नाही. सहाला येईल."

"बघ. आता तिचीही धावपळ नाही, तुलाही त्रास नाही."

"हो. तू केलंस ते बरोबरच आहे."

बरोबर आहे म्हणाली, छान झालं नाही म्हणाली. माझ्या कानांना असलं काही ना काही लागतच असतं. बहुतेक थकली असेल.

२० मार्च, शुक्रवार

संस्थेचं उत्तर आलं. थोरल्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, कारण पहिल्या ओळीत माझं कौतुक होतं. मग त्यांचा आवाज बारीक होत गेला.

चूक शोधून दुरुस्त केल्याबद्दल आभार. अहवालातली माहिती फार उपयोगी पडली. नेमलेल्या कामाच्या वेळेबाहेर मदतनिसाने कुणाच्या घरी थांबू नये असा संस्थेचा नियम आहे. संबंधित मदतनिसाकडे चौकशी केली असता आपण थांबत होतो, सुटीच्या दिवशीही जात होतो, हे तिने मान्य केलं. तिला समज देऊन दुसऱ्या भागात फेरी दिली आहे. सोमवारपासून नवीन मदतनीस येईल.

मी म्हटलं, पण चूक आपली होती, तिने वाट बघितली, एवढंच ना? थोरल्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. शंकासुराने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची वळवून आपल्या कामाला लागला.

२१ मार्च, शनिवार

आत्याशी बोलले. जसं आठवतं तसं लिहिते.

मी म्हटलं, "आत्या, तुझी मदतनीस बदलली."

"कळलं. काल येऊन सांगून गेली. बाहेरच उभी राहिली, आत आली नाही."

"मला समजत नाही. तिने का मान्य केलं? फोन चुकीचा दाखवत होता एवढं म्हणाली असती तर पुरे होतं."

"खोटं बोलायचं नव्हतं तिला. फोन चुकीचा दाखवतो हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने संस्थेत विचारलं, ते म्हणाले सहाला जा."

"मग पाचला का यायची?"

आत्या म्हणाली, "शिकायला."

एप्रिलच्या शेवटी मदतनिसांची वरची परीक्षा असते. ती पास झाली की रुग्णालयात औषधं द्यायचं काम मिळतं. त्यात एक पेपर औषधांच्या मात्रांचा. इतक्या ताकदीचं औषध, इतक्या वजनाचा रोगी, किती द्यायचं. तिची शाळा अपूर्णांकांच्या आधीच सुटली होती. मागच्या वर्षी त्याच पेपरात गेली. पहिल्या आठवड्यात लवकर पोचली म्हणून ताटकळत होती, आत्याने तिला बाटलीवरचं मिलिग्रॅम वाचायला लावलं, तिने चुकीचं वाचलं, आणि आत्याने पेन्सील घेतली.

"टेबल तेच," आत्या म्हणाली. "फक्त तिला खुर्चीवर उशी लागत नाही."

मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"तिने कुणाला सांगू नका म्हटलं होतं. नियम आहे ना."

"मी काय कुणी परकी आहे?"

"नाही गं. पण तुला सांगितलं असतं तर तुला नियम माहीत झाला असता. मग तुला झोप लागली नसती. मग तू कळवलं असतंस. मी तुला ओळखते, काळजीबाई."

मी नाही म्हणू शकले नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. उलट माझंच समाधान करत राहिली, पोरगी हुशार आहे, काहीतरी करेल.

डॉक्टरांना मी विचारलं होतं की आत्या अपूर्णांक का विचारते. आत्याला मात्र विचारलं नाही.

२५ मार्च, बुधवार

संस्थेच्या व्यवस्थापक बाईंना फोन केला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन, कंपनीच्या नावाने नाही, भाची म्हणून.

त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "मला काय आनंद झाला का तिला हलवून? माझी सगळ्यात चांगली बाई ती."

"मग परत पाठवा ना. आम्हा घरच्यांची काही हरकत नाही, मी लिहून देते."

"तुमची नसेल. उद्या दुसऱ्या घरी कुणी वेळेबाहेर थांबलं आणि काही वस्तू गेली, की ते मला विचारतील, तिला चाललं मग हिला का नाही. तोंडी काही असतं तर मी कानाआड केलं असतं, ताई. वर्षानुवर्षं केलंच आहे. तुम्ही सगळं तारीखवार लिहून पाठवलंत. आता माझ्या वरच्यांनीही वाचलंय."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं आणि त्या थोड्या थोड्यावर एक तास उभा होता.

मी आभार मानले. कशाचे कोण जाणे.

२९ मार्च, रविवार

आत्याकडे आले आहे. दोन वर्षांनी. काल पोचले. तिने दार उघडायला बराच वेळ घेतला आणि मला बघून पहिलं काय म्हणाली तर, "वजन कमी झालंय. इनहेलर आणलास का?"

कालच संध्याकाळी नवीन मदतनीस आली. भली आहे. फोन बघितला, बटण दाबलं, पट्टी बदलली, गोळ्या मोजून दिल्या, जेवण गरम केलं, बटण दाबलं, गेली. कुठे बोट ठेवायला जागा नाही. ती असेपर्यंत आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती, दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसावं तशी.

मला जुन्या मदतनिसाला भेटायचं होतं. तिचा नंबर मला ऑफिसच्या प्रणालीत दिसू शकतो. तो मी पाहिला नाही. आत्याला म्हटलं, तू तिला विचार, तिची इच्छा असेल तरच. ती आज दुपारी बसथांब्यावर आली, दोन घरांच्या मधल्या वेळात; नव्या फेरीत तिला रविवारची सुटीही नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. खांद्यावर जड पिशवी, केस घट्ट बांधलेले.

"तुम्हीच का त्या? फोटोत उंच दिसता."

मी आधीच ठरवलेलं सगळं बोलले. क्षमा मागितली. मला माहीत नव्हतं, मला वाटलं तुमच्यावर अन्याय होतोय, वगैरे. तिने मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "तुमच्या अहवालातलं मला वाचून दाखवलं ऑफिसात. 'प्रामाणिक व कष्टाळू' लिहिलंत माझ्याबद्दल. मग पुढचं पान."

"परीक्षेला बसाल ना?"

"नाही. नवी फेरी लांबची आहे. घरी पोचते तेव्हा मुलगी झोपलेली असते. पुढच्या वर्षी बघू."

"मी शिकवते. फोनवर. मी आत्याच्याच हाताखाली शिकले आहे."

ती हसली, पण कुचेष्टेने नाही. "ताई, मला माझ्या मुलीनेही शिकवून पाहिलं. तिला दोनदा चुकलं की राग येतो. बाई दहादा चुकलं तरी अकराव्यांदा तेच विचारायच्या, जणू पहिल्यांदाच. तुम्हाला जमेल?"

मी खरं तेच सांगितलं. माहीत नाही.

बस लांब दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? तुमचं ते काम. दुरुस्त केलेलं परत बिघडवता येतं का?"

"येतं. पण आता बिघडवलं तरी तो तास तुम्हाला नाही मिळणार. नव्या बाईला मिळेल."

"मग तिला मिळू दे," ती म्हणाली. "तीही दोनदा नापास झालीय. माझ्याच बरोबर बसली होती." आणि पिशवी सावरून चढली.

घरी येऊन मी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलं होतं तिला. ही नवी म्हणाली, नको बाई, त्या ताईंचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे."

२ एप्रिल, गुरुवार

परत इथे. कामावर नवीन मागणी वाट बघत होती, त्याच संस्थेकडून. माझा अहवाल त्यांच्या वरच्या लोकांना इतका आवडला की आता त्यांना तसंच सगळ्यांचं हवं आहे, आपोआप. मदतनीस वेळेच्या आधी कुणाच्या घरी पोचली की फलकावर तिचं नाव लाल व्हावं.

मी थोरल्यांना म्हटलं, हे मला करायचं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, शंकासुराला देतो, पण करावं तर लागणारच, त्यांचं काम आहे. "तू केलंस तर नीट तरी करशील."

दुपारपर्यंत टेबलावरचा कागद बघत बसले. मग घेतला.

७ एप्रिल, मंगळवार

काम होत आलं. अवघड नाही. माहिती कुठून काढायची ते मीच शोधून ठेवलं होतं.

एक जागा संस्थेने मोकळी ठेवली आहे. वेळेच्या किती मिनिटं आधी आलेलं चालेल? पुढे लिहिलं आहे, "योग्य ते आपण ठरवावे." साधारण पाच किंवा दहा ठेवतात. मी तिथे साठ लिहिलं. पुढे "मिनिटे" लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

शंकासुराने तपासायला घेतलं. त्या ओळीवर थांबला.

"साठ?"

"हो."

"कारण विचारलं तर काय सांगायचं?"

मला खोटं सांगता येत नाही, म्हणून मी गप्प बसले आणि त्याने विषय बदलावा म्हणून थांबले. तो शंकासुर, तो कुठे बदलतो. पण त्याने आणखी काही विचारलं नाही. पुढच्या ओळीवर गेला.

१० एप्रिल, शुक्रवार

संस्थेने मान्य केलं. साठ मिनिटांवर कुणी काही विचारलं नाही. व्यवस्थापक बाईंचं फक्त एका ओळीचं पत्र आलं, "पोचले, समजले."

म्हणजे आता कुणी तासभर आधी आलं तरी कुठे लाल होणार नाही. मी आत्याला सांगितलं. नव्या मदतनिसाला सांग म्हटलं, आता भीती नाही. आत्या म्हणाली, सांगते.

२४ एप्रिल, शुक्रवार

तिच्या साडेपाचला फोन केला. आता रोज याच वेळेला करते. आत्या एकटीच होती. उद्या परीक्षा आहे, तिने आठवण करून दिली.

नव्या बाईला तिने दोनदा सांगून पाहिलं. ती हो म्हणते. मान हलवते. आणि बरोबर सहाला येते.